भाडेकरूचे घर

दिल्लीच्या चांदणी चौकातून बल्लीमारानकडे वळले, की दोहों बाजूंना चष्म्यांची आणि पादत्राणांची घाऊक दुकाने लागतात. हातगाड्या, रिक्षा आणि हमाल यांच्या गर्दीतून वाट काढीत कासिम जान गल्लीच्या तोंडाशी पोचलेल्या साहित्यप्रेमी प्रवाशाला मिर्झा गालिबच्या हवेलीचा दरवाजा बहुधा कोणाला तरी विचारूनच सापडतो. आत कमानी आहेत, लखौरी विटांच्या भिंती आहेत. हुक्क्याची नळी हाती धरून बसलेली कवीची प्रतिमा आहे, तत्कालीन पद्धतीची भांडी आणि पोशाख आहेत, चौसर आणि बुद्धिबळाचे पट आहेत आणि भिंतींवर शेर आहेत. गुलझार यांनी भेट दिलेला, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडविलेला अर्धपुतळा २०१० च्या डिसेंबरापासून येथे आहे. सारे पाहून होण्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. अर्धपुतळ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढले जाते आणि प्रवासी पुन्हा चष्म्यांच्या दुकानांकडे वळतो. या भेटीत गालिबविषयी त्याला पूर्वी ठाऊक नसलेले असे काय कळले, हा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे सुखावह येत नाही.

याचा दोष वास्तूच्या लहानपणावर किंवा निधीच्या अपुरेपणावर टाकण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी खरी नव्हे. दोष कल्पनेतच आहे. लेखकाचे घर म्हणजे त्याच्या वस्तूंचे घर, अशी एक समजूत आपल्याकडील स्मारकांच्या मुळाशी घट्ट बसलेली आहे. मूळ वस्तू असतील तर त्या काचेच्या पेटीत ठेवाव्यात, नसतील तर तशाच दुसऱ्या मिळवून मांडाव्यात, म्हणजे लेखक तेथे उभा राहील, असा तिचा भाबडा विश्वास असतो. हा विश्वास अन्य कोणा लेखकाच्या बाबतीत काही अंशी खपूनही जाईल. गालिबच्या बाबतीत तो मुळातच उलटा पडतो, कारण वस्तू जवळ न ठेवणे हाच या माणसाच्या संसाराचा विशेष होता.

अल्ताफ हुसेन हाली हा गालिबचा शिष्य आणि पहिला चरित्रकार. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये त्याने नोंदविले आहे, की गालिबने दिल्लीत कधीही स्वतःचे घर विकत घेतले नाही. तो सदैव भाड्याच्या घरांत राहिला, एक घर आवडेनासे झाले की दुसरे पाहिले. काही काळ तो मियाँ काले साहेबांच्या घरी बिनभाड्याने राहिला, तेवढाच काय तो अपवाद. ग्रंथांचीही तीच गत. पुस्तकेसुद्धा त्याने सहसा विकत घेतली नाहीत. भाड्याने पुस्तके पुरविणाऱ्याकडून ती मागवायची, वाचायची आणि परत करायची. आग्र्यात २७ डिसेंबर १७९७ रोजी जन्मलेला, तेराव्या वर्षी लोहारूच्या नवाबघराण्यातील उमराव बेगमशी विवाहबद्ध झालेला आणि पुढे दिल्लीतच स्थिरावलेला हा सरदारपुत्र साऱ्या आयुष्यात एका खोलीचाही मालक झाला नाही. पेन्शन महिन्याला साडेबासष्ट रुपये. तिचा आपला हक्काचा वाटा वाढवून मिळावा म्हणून त्याने कलकत्त्यापर्यंत प्रवास केला, पण ती वाढली नाही. १८५७ च्या मे महिन्यात तीही थांबली आणि तीन वर्षांनी, १८६० मध्ये, पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात घरातील कपडे आणि अंथरुणे विकून चूल पेटती ठेवावी लागली, हे त्यानेच 'दस्तंबू' या फारसी रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

अशा माणसाच्या नावाने आज जे घर उभे आहे, त्यात तो १८६० च्या आसपासपासून १५ फेब्रुवारी १८६९ ला मृत्यू येईपर्यंत राहिला असे मानले जाते. हे घरही त्याच्या मालकीचे नव्हतेच. त्याच्यानंतर वास्तूचे हाल झाले. दुकाने शिरली, कोळशाची वखार शिरली, कारखाना शिरला. अखेर जनहितयाचिका, न्यायालयाचा आदेश आणि दिल्ली सरकारची कारवाई या मार्गाने १९९९-२००० मध्ये तिचा काही भाग मोकळा करण्यात आला आणि डागडुजी होऊन तो लोकांसाठी खुला झाला. या प्रयत्नांचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. वखारीपेक्षा स्मारक बरे, याविषयी वाद संभवत नाही. परंतु वखार हटविली म्हणजे काम संपले, असे समजण्याची चूक तेथूनच सुरू झाली.

मोकळ्या झालेल्या जागेत काय मांडावे याचा विचार करताना एक साधा प्रश्न विचारावयास हवा होता. या घरात गालिबने काय लिहिले? भिंतींवर शेर लिहून या प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे झाले. पण ते उत्तर चुकीचे आहे. गालिबचा उर्दू दिवान जेमतेम अठराशे शेरांचा. त्यातील मोठा भाग त्याच्या तारुण्यातला, आणि पहिली छापील आवृत्ती १८४१ ची. त्यानंतरचा बहर १८५० ते १८५७ या काळातला, जेव्हा बहादूरशहाच्या दरबारात त्याची नेमणूक झाली आणि १८५४ मध्ये जौक निवर्तल्यावर बादशहाच्या उस्तादाचे पदही त्याच्याकडे आले. बंडानंतर दरबार गेला, मुशायरे गेले, श्रोते गेले. बल्लीमारानमधील या घरात राहावयास आलेला गालिब गजलकार म्हणून बहुतांशी मागेच राहिलेला होता. येथे त्याने जुन्या दिवानाच्या नव्या आवृत्त्यांची काळजी वाहिली. १८६१ ची दिल्लीतील आवृत्ती मुद्रणदोषांनी भरलेली निघाली, म्हणून तो चडफडला. १८६२ मध्ये कानपूरहून दुसरी काढवून घ्यावी लागली. 'बुऱ्हान-ए-काते' या प्रतिष्ठित फारसी शब्दकोशातील चुकांवर तुटून पडणारे 'काते बुऱ्हान' त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्या वादापायी उतारवयात त्याला शिवीगाळीची पत्रे आणि न्यायालयाची पायरी दोन्ही पाहावी लागली. आणि या सर्वांच्या जोडीला, दिवसामागून दिवस, त्याने येथे पत्रे लिहिली.

ही पत्रे उर्दू गद्याच्या इतिहासातील एक सीमारेषा आहेत. त्याआधीचा पत्रव्यवहार म्हणजे लांबलचक मायन्यांचा आणि यमकबद्ध अलंकरणाचा मामला. गालिबने मायना टाकला, अलंकार टाकले आणि समोर बसलेल्याशी बोलावे तसा तो लिहू लागला. मीर मेहदी मजरूह, मुन्शी हरगोपाल तफ्ता, अलाउद्दीन अहमद खाँ अलाई अशा दूरदूर विखुरलेल्या शिष्यांना आणि आप्तांना त्याने दिल्लीचे वर्तमान कळविले, त्यांच्या कविता सुधारून पाठविल्या, धान्याचा भाव, आजारपण, मद्याची टंचाई, सरकारदरबारी अडकलेले अर्ज, सगळे सांगितले. 'ऊद-ए-हिंदी' हा पत्रसंग्रह १८६८ मध्ये, त्याच्या हयातीत निघाला; 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या सुमारास. टपाल हा या वृद्धाचा श्वास होता. डाकवाल्याची वाट पाहणे आणि रिकाम्या वेळी लिफाफे तयार करीत बसणे हा त्याचा दिनक्रम. उर्दू साहित्याला या घराने दिलेली सर्वांत मोठी देणगी कोणती, तर ही पत्रे.

त्यांत घरही आहे, आणि ते कोणत्याही संग्रहालयाने मांडले नसते इतक्या बारकाईने आहे. एका पावसाळ्यात छत असे गळू लागते, की आभाळ थांबले तरी आत पाऊस चालूच राहतो. कुठे परात ठेवावी, कुठे चिलमची, पुस्तके आणि कलमदान कोठे हलवावे याची चिंता पडते. जनानखान्यापेक्षा दिवाणखान्याची अवस्था वाईट आहे. दुरुस्ती घरमालकाने करावयाची, आणि तो काही करीत नाही. भाड्याच्या घरात आयुष्य काढलेल्या कोणत्याही वाचकाला, मग तो गिरगावातील चाळीतला असो वा कलकत्त्यातील मेसमधला, हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. अन्य पत्रांतून आरिफची मुले येतात. गालिबला झालेल्या सातही अपत्यांपैकी एकही जगले नव्हते. बायकोचा भाचा आरिफ याला त्याने मुलासारखे मानले. तो १८५२ मध्ये ऐन तारुण्यात गेला, तेव्हा त्याच्या दोन मुलग्यांना गालिबने वाढविले. ही पोरे त्याला सुखाने जेवू देत नाहीत, दुपारी झोपू देत नाहीत, अनवाणी पायांनी त्याच्या बिछान्यावर नाचतात, पाणी सांडतात, धूळ उडवितात. आणि ही तक्रार करताना आजोबांचा आनंद लपत नाही. उमराव बेगम धर्मनिष्ठ. नवऱ्याचे खाणेपिणे पाहून तिने आपली भांडी वेगळी ठेवली होती, असे हाली सांगतो. याच माणसांनी हे घर भरलेले होते. हुक्का होताही, पण एका कोपऱ्यात.

संग्रहालयाने तो कोपरा उचलून मध्यभागी आणला. असे का घडले याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १९५४ च्या 'मिर्झा गालिब' या चित्रपटाने आणि १९८८ च्या दूरदर्शन मालिकेने भारतीय जनमानसात एक गालिब स्थिर केला. त्या कलाकृतींच्या गुणवत्तेविषयी येथे तक्रार नाही. मालिकेमुळे तर एका अख्ख्या पिढीला गालिब प्रथमच भेटला. परंतु संग्रहालयाचे काम प्रेक्षकाने घरून सोबत आणलेली प्रतिमा त्याला पुन्हा दाखविणे हे नव्हे. टोपी, अंगरखा, हुक्का, चौसर हा त्या प्रतिमेचा साजशृंगार आहे. चौसरच्या पटाचेच पाहा. तो येथे सरंजामी विरंगुळ्याचे चिन्ह म्हणून शोभिवंतपणे मांडलेला आहे. वस्तुतः याच पटापायी, पैसे लावून खेळल्याच्या आरोपावरून, १८४७ मध्ये गालिबला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि सुमारे तीन महिने त्याने प्रत्यक्ष तुरुंगात काढले. सुटून आल्यावर तो काले साहेबांच्या आश्रयाला गेला, ते बिनभाड्याचे घर हेच. ज्या बदनामीने हा अभिमानी माणूस आतून मोडला, तिचे साधन आज त्याच्या स्मारकातील शोभेची वस्तू झाले आहे, आणि पाहणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, कारण खटकावे इतके त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

वस्तूला असे पूज्यस्थान दिले, की तिची किंमत ठरविणारे दुसरेही कोणी निघतात. कर्नाटकातील कुप्पळी येथे कुवेंपूंच्या वडिलार्जित घराचे, 'कविमने'चे, अतिशय आस्थेने जतन झालेले आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात चोर तेथे शिरले आणि त्यांनी कवीला मिळालेली पद्म सन्मानांची पदके पळविली. कादंबऱ्या आणि महाकाव्य जेथल्या तेथे राहिले. चोराचे आणि कित्येक स्मारक समित्यांचे मूल्यमापन इतके जुळावे, हे पाहून कोणी हसले तर त्याला दोष देता येणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात. पहिला शुद्ध साहित्यवाद्यांचा. लेखकाचे घर पाहून साहित्य कळत नाही, तेव्हा अशी घरे जतन करण्याचा खटाटोपच निरर्थक, असे ते म्हणतात. हे मत दिसावयास करारी आहे, पण अनुभवाला सोडून आहे. जोरासाँकोच्या ठाकुरवाड्यात फिरलेल्या वाचकाला रवींद्रनाथांच्या आत्मकथनातील लहान मुलाचा एकांत, नोकरांच्या ताब्यातील त्याचे दिवस, घरच्याच रंगमंचावर होणारी नाटके यांचा अर्थ अधिक उमगतो. १८६१ चा जन्म आणि १९४१ चा मृत्यू एकाच वास्तूत. तो वाडा त्या लेखनाचा एक घटकच आहे. तेथे घर बोलते, कारण कवीने त्याला शब्दांत आधीच बोलते केलेले आहे. गालिबनेही आपल्या गळक्या घराला बोलते केले होते. संग्रहालयाने त्याला गप्प बसविले, एवढाच काय तो फरक.

दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. लोक येतात, पाहतात, नाव ऐकतात, हे काय थोडे झाले, असे ते विचारतात. थोडे नव्हे, हे मान्य. पण पाहणाऱ्याला वाचनापर्यंत नेण्याची धडपड करणारी स्मारके याच देशात आहेत, आणि म्हणून थोडक्यात समाधान मानण्याची सक्ती नाही. केरळात तिरूरजवळच्या तुंचन परंबू येथे सोळाव्या शतकातील एळुत्तच्छनचे घर म्हणून दाखविता येईल असे काही शिल्लक नाही. मलयाळम भाषेचा जनक मानल्या गेलेल्या या कवीच्या जागी दरवर्षी विजयादशमीला शेकडो लहान मुले आईबापांच्या मांडीवर बसून आयुष्यातील पहिले अक्षर गिरवितात. ग्रंथालय आहे, हस्तलिखिते आहेत, साहित्योत्सव भरतो. एम. टी. वासुदेवन नायर यांच्यासारख्या कादंबरीकाराने या संस्थेची धुरा वर्षानुवर्षे वाहिली. घर नाही आणि स्मारक जिवंत आहे. कोकणातील मालगुंडला केशवसुतांच्या जन्मस्थानी १९९४ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या स्मारकातही कवितांना आणि ग्रंथालयाला वस्तूंपेक्षा वरचे स्थान मिळाले, हे मुद्दाम नोंदविण्याजोगे आहे. केशवसुतही पोटासाठी गावोगाव फिरले आणि १९०५ मध्ये प्लेगने हुबळीस वारले. त्यांच्या टाक-दौतींची काचपेटी कोणी भरू म्हटले असते, तरी तिच्यात फारसे काय आले असते?

प्रश्न अखेर भाषेपाशी येऊन थांबतो आणि तेथे तो अवघड होतो. १९६९ मध्ये गालिबच्या मृत्यूची शताब्दी देशभर साजरी झाली, दिल्लीत गालिब अकादमीची वास्तू उभी राहिली. त्याच वेळी साहिर लुधियानवी यांनी कवितेतूनच त्या उत्सवाला जाब विचारला होता: ज्या भाषेला शहरांतून बेघर केले, तिच्याच कवीचा हा सोहळा कशासाठी? त्या कवितेला आता अर्धशतक उलटून गेले आणि तिची धार बोथट झालेली नाही. हवेलीत येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना भिंतीवरील उर्दू लिपी नक्षीसारखी दिसते. यात त्यांचा अपराध नाही. नागरीतून गालिब वाचणाऱ्यांना तुच्छ लेखण्याचे तर मुळीच कारण नाही. मराठी वाचकाचा गालिब बहुतांशी नागरीतलाच आहे. माधव जूलियनांच्या 'गज्जलांजली'पासून सुरेश भटांपर्यंत मराठी गजलेने जो प्रवास केला, त्यात मूळ उर्दू वाचणारे थोडे आणि कानाने ऐकणारे पुष्कळ. निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेली मराठवाड्यातील पिढी मात्र वेगळी होती. सेतुमाधवराव पगडी यांनी गालिबला मराठीत आणले, ते मुळातून वाचून आणले. ती पिढी ओसरली, आणि तिच्याबरोबर मराठीत उर्दू थेट वाचणारा एक मोठा वर्गही ओसरला.

म्हणूनच पत्रांचा आग्रह. सुटा शेर भिंतीवर टांगला की त्याचे लवकरच सुभाषित होते. तो संदर्भ हरवतो, अनेकदा चुकीच्या तोंडी आणि चुकीच्या प्रसंगी फिरू लागतो, आणि भाषांतरात तर त्याचे हाडच मोडते. पत्राचे तसे होत नाही. ते गद्य आहे, बोलीचे आहे, त्यात माणसे आहेत, पाऊस आहे, पैशाची ओढाताण आहे. ते मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, असमियात बरेचसे शाबूत उतरते. बंडानंतरच्या दिल्लीचा पाडाव पाहावयाचा तरी या पत्रांखेरीज कोठे पाहावा? जामा मशिदीभोवतालची पाडलेली वस्ती, नाहीसे झालेले उर्दू बाजार, खास बाजार आणि खानम बाजार, खारट झालेल्या विहिरी, फाशी गेलेले आणि परागंदा झालेले मित्र, यांची मोजदाद गालिबने एकेका शिष्याला लिहिताना करून ठेवली आहे. तो नष्ट झालेल्या शहराचे संग्रहालय कागदावर रचीत होता. त्याच्या घराचे संग्रहालय रचणाऱ्यांना एवढे आयते साहित्य हाताशी असताना भांडीकुंडी गोळा करावीशी वाटली.

या पत्रांतच पत्त्याविषयीचा त्याचा एक राग नोंदलेला आहे. एका पत्रलेखकाने पाकिटावर मोहल्ला वगैरे तपशील घालण्याविषयी विचारले, तेव्हा गालिब दुखावला. दिल्ली आणि आपले नाव एवढे पुरे, पत्र पोचण्याची हमी आपली, अशा अर्थाचे त्याने उलटटपाली कळविले. कर्जबाजारी, बहिरा होत चाललेला, रामपूरच्या नवाबांकडे अखेरपर्यंत कर्जफेडीसाठी विनवण्या करणारा हा भाडेकरू, शहराच्या नावाखेरीज दुसरा पत्ता आपल्याला लागतो हे मान्य करावयास तयार नव्हता. त्याला आता गल्ली, दरवाजा आणि पाहण्याची वेळ यांसह कायमचा पत्ता मिळालेला आहे. हवेलीच्या दारात, तिकीटघर नसलेल्या त्या मोकळ्या जागेत, हेच एक पत्र मूळ लिपीत आणि शेजारी देशाच्या आठ-दहा लिप्यांत लावावयास कितीसा खर्च येईल? आत, गळक्या छताच्या पत्रासाठी, दिवाणखान्याची एक भिंत रिकामी करता येईल. हुक्का त्यासाठी दोन हात सरकवावा लागेल.